शेणाचं विरजण

खांदशेकणीच्या सांजेला जयवंताबाईने बैलांना आवतन दिलं, आणि मग कोणी बघत नाही असं पाहून ती परसात गोबर गॅसच्या कुंडीपाशी गेली.

बैलांचं सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. तिच्या नवऱ्याने, महिपतने, बांड्याच्या आणि मोऱ्याच्या खांद्यांना लोणी-हळद चोळली होती, पळसाच्या पानांनी खांदे शेकले होते. जयवंताबाईने दोघांच्या कपाळी कुंकू लावून उद्याच्या पोळ्याचं जेवण सांगितलं होतं. पण ज्याला आवतन द्यायचं राहिलं असं तिच्या जिवाला वाटत होतं, तो मातीखाली होता. त्याला ना शिंगं, ना वशिंड. नुसता सिमेंटचा घुमट, वर लोटलेली माती आणि त्या मातीवर सुनेने, पूनमने, लावलेला झेंडू. एका बाजूला शेण कालवायची कुंडी, दुसऱ्या बाजूला उरलेला रबडा बाहेर यायचा हौद. आणि मधून एक नळी, भिंतीतून थेट स्वयंपाकघरात.

पदराखालचा तांब्या तिने काढला. त्यात ताक होतं, आंबलेल्या ज्वारीच्या कण्या होत्या, वर गुळाचा खडा. सगळं तिने कुंडीत हळूच ओतलं.

"घे बापा," ती पुटपुटली. "उद्याचं पुरन तुह्याच जिवावर हाय. पोट भरून ठेव."

हा काही पहिला तांब्या नव्हता. नागपंचमीपासून तिचा हा नेम चालला होता. कधी ताक, कधी अंबील, कधी कढीचा तळ. आभार मानायची जयवंताबाईला एकच रीत ठाऊक होती: जो देतो त्याच्या तोंडात आधी घास घालायचा. गाय व्याली की तिला बाजरीचा घाटा, विहिरीला पाणी लागलं की तिला नारळ, सुईणीला साडी. मग ज्याने तिला श्वास परत दिला, त्याला काय नुसतं शेण चारायचं?

श्वासच दिला होता त्याने. गेल्या पोळ्याला ती याच घरात चुलीपुढे पुरण घोटत बसली होती. कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या धुमसत होत्या, घर धुराने भरलं होतं, आणि घोटता घोटता तिच्या छातीचा भाता अडकला. लेकाने, राजकुमारने, तिला उचलून ऑटोत घातलं. वाटेतली तामसी गेली, आदिलाबाद आलं, दवाखान्यात तिच्या तोंडाला ऑक्सिजनची नळी लागली. घरी परतताना डॉक्टरने लेकाला सांगितलं की या बाईला आता धूर दाखवायचा नाही. पुन्हा चुलीपुढे बसली तर पुन्हा आणाल, आणि तेव्हा परत न्यायला मिळेल याची हमी नाही.

दिवाळीनंतर राजकुमारने आणि पूनमने परसात खड्डा खणायला घेतला, तेव्हा हीच जयवंताबाई बाजेवरून खोकत खोकत म्हणाली होती, "शेनाच्या वाफंवर देवाचा निवद? माही सासू सरगातून उठून येईन!" पण गुढीपाडव्याच्या सुमारास पूनमने खटका फिरवला, काडी लावली, आणि शेगडीवर निळं फूल उमललं. धूर नाही, राख नाही, डोळ्याला पाणी नाही. जयवंताबाई उकिडवी बसून कितीतरी वेळ बघत राहिली. तिच्या माहेरच्या वावरात सकाळी जवस फुलायचा, अगदी असाच. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी तिच्या ओठावर ओवी आली. दमाने तुटली, पण आली.

*जवसाचं निळं फूल, ना गं देठ, ना गं पान,*
*माह्या गाईच्या शेनात, कोनं ठेवलं सपान.*

आता ती मारुतीच्या पारापर्यंत न थांबता चालत जायची. म्हणूनच या वर्षी तिने आपल्या तोंडाने जाहीर केलं होतं, पोळ्याचं पुरण गॅसवर. आणि ते नीट पार पडलं, की कोपऱ्यातली सासूची चूल मोडायची. ती चूल अजून तशीच होती. महिपत म्हणायचा, "असू दे वो. यंत्राचा काय भरोसा."

*

पोळ्याच्या दिवशी पहाटे चहा झाला तेव्हाच ज्योत पिवळी पडली होती. कोणी मनावर घेतलं नाही. हरभऱ्याची डाळ शिजायला ठेवली, आणि अर्ध्या शिजीवर ज्योत फडफडली, मिणमिणली, विझली. पूनमने काडी ओढली. नळीतून सूं-सूं आवाज येत होता, म्हणजे वाफ येत होती. पण ती पेट घेत नव्हती. पुन्हा काडी, पुन्हा सूं-सूं. घरात एक आंबूस वास मात्र पसरला.

"नळीत पानी साचलं असन," राजकुमार म्हणाला. त्याने नळी सोडवून झटकली, पुन्हा लावली. काही नाही. मग त्याने आदिलाबादच्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री तेलुगूत बोलत होता, राजकुमार हिंदीत, आणि दोघंही एकमेकांवर ओरडत होते. फोन ठेवून राजकुमार म्हणाला, "आज त्यायच्याकडे बी सन हाय म्हनते. रेपु येतो म्हने."

"रेपु म्हंजे उद्या ना?" जयवंताबाईने विचारलं.

"उद्याच. पन त्याचा रेपु कदी उगवत नाई. हौद बांधतानी पाह्यलं आपुन."

महिपत ओसरीवर बैलांची शिंगं रंगवत होता. तिथूनच तो म्हणाला, "म्या काय सांगतल्तं? राजकुमार, पऱ्हाट्या आन. चूल पेटव. बैलं तोरनाखालून घरी येतीन आन पुरनपोळी नसन, असं या घरात कदी झालं नाई."

पूनम शेगडीपाशीच बसली होती. ती उठली. "बाबा, चूल नका पेटवू. पुरन आई दुसऱ्या कोनाले करू देत नाईत. चूल पेटली का त्याच बसतीन पुढं."

"एक दिस बसली तर काय व्हते?"

"एकच दिस व्हता ना, मांगच्या साली बी?"

महिपतचा हात थांबला. रंगाचा एक थेंब मोऱ्याच्या कानावर पडला. पण तोंडातून निघालेला शब्द माघारी घेणं त्याला जमायचं नाही. "मंग काय बैलायले कच्ची दाळ चारतं?" एवढं म्हणून तो पुन्हा शिंगाकडे वळला.

जयवंताबाईने त्या दोघांकडे पाहिलं. तिला भीती वाटत होती, पण धुराची नव्हे. आज चूल पेटली की पुन्हा विझणार नाही, हे तिला कळत होतं. उद्या भात तिच्यावर होईल, परवा पाणी तापेल, गॅसचं नुसतं नाव राहील. आणि सून पुन्हा फुंकणी फुंकत डोळे पुसेल. पूनमची छाती तरी लोखंडाची थोडीच होती? पण दारात बैल उपाशी उभा राहिला तर, हेही तिला सोसवणारं नव्हतं.

"आन पऱ्हाट्या," ती म्हणाली. "मी बसतो."

पूनमने पदर खोचला आणि मागच्या दाराने निघून गेली. रुसली, असं जयवंताबाईला वाटलं.

राजकुमारने काड्यांचा भारा आणून चुलीपुढे टाकला. जयवंताबाई पाट घेऊन बसली. चुलीच्या तोंडावर हात फिरवला. सासूने, मथुराबाईने, आपल्या हाताने घातलेली चूल होती. काडेपेटी हातात घेतली, तोच मागच्या दारातून आवाज आला.

"बुडगी मराले बसली का वो, सनासुदीची?"

जयवंताबाईचा हात तसाच राहिला. हा आवाज तिला गल्लीपलीकडून रोज ऐकू यायचा, पण या घरात तो किती वर्षांत आला नव्हता! दारात शकुबाई उभी होती, तिची धाकटी जाऊ, आणि तिच्या मागे पूनम.

शकुबाईचा नवरा बाबाराव आणि महिपत हे सख्खे भाऊ. मथुराबाई गेली आणि दोघांनी घर वाटलं. जुनी चूल महिपतच्या वाट्याला आली. वेगळं निघणाऱ्याने जुन्या चुलीतला विस्तव खापरात घालून न्यायचा, त्यावर नवी चूल पेटवायची, ही त्यांच्याकडची रीत. जयवंताबाईने खापर भरून ठेवलं होतं. शकुबाईने यावं आणि मागावं म्हणून ती वाट बघत राहिली. आणि जाऊबाईने हाक मारून द्यावा म्हणून पलीकडे शकुबाई वाट बघत राहिली. कोणीच हाक मारली नाही. खापरातल्या विस्तवाची राख झाली, आणि शकुबाईने आपली चूल दुकानातल्या काडेपेटीने पेटवली. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत होते, पोरं पोरांशी खेळत होती. जावा तेवढ्या भिंतीला ऐकवून बोलायच्या.

"इले कोनं बलावलं?" जयवंताबाईने भिंतीलाच विचारलं.

"म्या बलावलं," पूनम म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "काकूच्या घरी गॅस गावात सगळ्यात पयले आला. त्यायले समजते."

जयवंताबाई पाटावरून उठली. माझी सून, माझ्या भांड्याकुंड्यांत वावरणारी, ती गल्ली ओलांडून त्या घरी गेली! पण शकुबाई तोवर शेगडीपाशी पोचलीही होती. तिने खटका फिरवला, नाक जवळ नेलं, बंद केला. मग तरातरा परसात गेली. तिच्या मागे सगळे. कुंडीत वाकून तिने एक बोट बुडवलं आणि हुंगलं.

"ताक!" ती म्हणाली. "याच्यात ताक कोन ओतलं?"

गोठ्यात बांड्याची घंटा वाजली.

"पोट आंबलं याचं," शकुबाई म्हणाली. "वाफ येते पन पेटत नाई. एक दिसाचं काम नाई हे. कोनीतरी रोज आंबट पाजलं याले."

राजकुमार बायकोवर उखडला. "तूच असशीन! खरकटं कुठं टाकाचं थे बी समजत नाई? सांगतल्तं ना मिस्त्रीनं, शेन आन पानी, बस?"

पूनमने एकदा सासूकडे पाहिलं. अगदी एकदाच. आणि त्या नजरेत जयवंताबाईला सगळं दिसलं. पोरीला ठाऊक होतं. पदराखालचा तांब्या तिने केव्हाच पाहिला होता, आणि म्हातारीच्या श्रद्धेला हात लावायला तिचं मन धजलं नव्हतं.

"हो," पूनम म्हणाली. "मीच टाकलं."

सोपं होतं. गप्प राहिलं असतं तर भागलं असतं. सासवा गप्प राहतातच. पण जयवंताबाईच्या डोळ्यांपुढे गेल्या वर्षीचा ऑटो आला, खड्ड्यांतून उडणारा, आणि आपलं डोकं मांडीवर घेऊन, ओल्या पदराने छाती पुसत बसलेली ही पोर.

"खोटं बोलून राह्यली थे," जयवंताबाई म्हणाली. "म्या टाकलं. नागपंचमीपासून. ताक, अंबील, कन्या. काल तर गूळ बी देला."

"आई!" राजकुमार ओरडला. "काऊन पन?"

"काऊन म्हंजे? सारं घर जेवू घालते ना थो? त्याले कोन जेवू घालते? रोज शेनच का खाईन बिचारा?"

राजकुमारने कपाळाला हात लावला. महिपत दारात येऊन उभा होता, हातात रंगाचा ब्रश तसाच. आणि शकुबाईच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. जयवंताबाईने रागाने वळून पाहिलं. शकुबाई हसत होती. पोट धरून, कुंडीच्या काठावर बसून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती.

"हास, हास," जयवंताबाई म्हणाली. "याच दिसाची वाट पाहून राह्यल्ती तू."

"नाई वो बाई," शकुबाईने पदराने डोळे टिपले. "म्या बी तेच केल्तं! प्रनिताच्या लग्नाले साऱ्या मांडवाचा सैपाक निभवला त्यानं. म्या म्हटलं, याले बी वाढलं पाह्यजे. उरली तेवढी कढी, वर लोनच्याचा खार! लेक सासरी गेली आन इकळे गॅस बी गेला. ह्यायनं महिनाभर टोमने मारले. कोनाले सांगशीन तर पाय, म्हटलं होतं म्या त्यायले."

जयवंताबाई तिच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांनी ती बाई तिच्याशी बोलली होती, भिंतीशी नव्हे. आणि तिला 'बाई' म्हणाली होती, पहिल्यासारखं.

"मंग?" जयवंताबाईने विचारलं. "मेला का आता हा?"

"मरते कशाचा! उपास घडव त्याले. चार-आठ दिस काई देऊ नोको. चुन्याची निवळी टाक. आन..." शकुबाईने गल्लीपलीकडे पाहिलं. "आन विरजन पाह्यजे. दुसऱ्या चालत्या गॅसचं शेन. दुधाले लावतो ना, तसंच."

चालता गॅस म्हणजे कोणाचा, हे सांगायची गरज नव्हती. गल्लीपलीकडे एकच होता. विरजण मागायचं तर तोंड उघडायला हवं, आणि जयवंताबाईचं तोंड त्या एका बाबतीत कधी उघडलं नव्हतं. राख झालेलं ते खापर तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"शकू," ती म्हणाली, "विरजन देशीन का?"

शकुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग उठली आणि मागे वळून हाक मारली, "अवो, आइकलं का? हौदातून बकेटी भरून आना! थोरल्या घरी!"

पलीकडून बाबारावचा आवाज आला, "कोन्या घरी?"

"थोरल्या घरी म्हटलं ना! आन पूनम, दाळीचं गंज उचल. माह्या शेगडीवर शिजव. बाई, तुमी बी चला. पुरन तुमीच घोटाचं. दोनी घरच्या बैलायचं एकच शिजवू."

बाबाराव खरंच बादल्या घेऊन आला. महिपतने ब्रश ठेवला आणि एक बादली त्याच्या हातातून घेतली. "शेनाचं वझं," बाबाराव म्हणाला, "पन मानाचं हाय हो दादा." महिपत हसला आणि चुलीपुढचा पऱ्हाट्यांचा भारा उचलून पुन्हा परसात टाकून आला. कोणी सांगितलं नव्हतं.

*

शकुबाईच्या स्वयंपाकघरात जयवंताबाई पहिल्यांदाच बसत होती. कोनाड्यात शेगडीशेजारी काडेपेटी होती. तिने ती पाहिली आणि नजर काढून घेतली. निळ्या ज्योतीवर डाळ रटरटली, गूळ पडला, वेलचीचा वास सुटला. जयवंताबाई घोटत होती, शकुबाई पोळ्या लाटत होती, पूनम भाजत होती. बोलणं फारसं झालं नाही. हात मात्र जुन्या तालावर आपसूक येत होते. एकीने लाटणं ठेवलं की दुसरीने तूप पुढे सरकवायचं.

मग घोटता घोटता जयवंताबाईने हळूच सूर लावला.

*जवसाचं निळं फूल, थोरलीच्या गं चुलीत,*

आणि लाटण्यावरची नजर न उचलता धाकटीने ओवी पुरी केली.

*बी त्याचं आलं कुठून? धाकलीच्या गं ओटीत.*

दुपार कलल्यावर तोरणाखालून बैल परतले. बाबारावची जोडी आणि महिपतची जोडी एकाच दारापुढे उभी राहिली. दोन्ही घरच्या बायकांनी पाय धुतले, ओवाळलं, एकाच परातीतली पुरणपोळी चौघांना भरवली. बांड्याने जयवंताबाईचा हात मनगटापर्यंत चाटला. ती त्याच्या गळकंबळीला गाल लावून उभी राहिली. "तुहं बी उपकार हाय रे राजा," ती म्हणाली. "शेन तर तुहंच हाय."

*

खड्ड्याचा उपास सुरू झाला. तान्हा पोळा झाला, गणपती बसले, आणि जयवंताबाईच्या घरचा स्वयंपाक गल्लीपलीकडेच होत राहिला. पूनम रोज खटका फिरवून बघायची. सूं-सूं व्हायचं, पेटायचं नाही.

एका सकाळी महिपत वावरातून आला तर जयवंताबाई लोखंडी सब्बल घेऊन बसलेली, आणि कोपऱ्यात चुलीचा ढिगारा.

"अवो, गॅस आला नाई अजून! आन चूल मोडली?"

"येईन."

"आन नाई आला तर?"

"त्यानं आपल्याले सोडलं नाई, तर आपुन त्याच्यावरचा इस्वास काऊन सोडाचा?"

चुलीची माती तिने भिजवली, मळली, आणि कुंडीच्या काठाला सगळीकडून लिंपली. जिथून घरचा अग्नी आत जातो तिथे सासूबाई बसल्या, असं तिच्या मनाला वाटलं. निवद मात्र दाखवला नाही. नुसते हात जोडले. "आता शेन आन पानी," ती म्हणाली. "तुले जे पचते थेच."

आणि मग एका पहाटे पूनमची आरोळी आली, "आई!"

जयवंताबाई धावली. हो, धावली. शेगडीवर निळं फूल होतं, स्थिर, भरलेलं, कडेने जरासुद्धा पिवळं नाही. पूनमचे डोळे भरले होते. जयवंताबाईने सुनेच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

"चहा ठेवू?" पूनमने विचारलं.

"थांब. आदी निरांजन दे."

निरांजनातली वात तिने त्या ज्योतीवर पेटवली. मग पदराचा आडोसा करून ती मागच्या दाराने निघाली. बाहेर उजाडत होतं, वारा होता, गल्लीत चिखल होता. ज्योत एकदा लपकली; तिने छातीशी धरली. पलीकडचं दार उघडंच होतं.

शकुबाईच्या शेगडीवर चहा उकळत होता. ती वळली, जावेच्या पदराआडचा उजेड पाहिला, आणि काय आणलंय हे तिला विचारावं लागलं नाही. तिने मुकाट्याने खटका बंद केला. उकळता चहा तसाच निवू दिला. शेगडी विझली, घर क्षणभर अंधारलं, आणि त्या अंधारात निरांजन तेवढं राहिलं.

मग शकुबाईने निरांजन हातात घेतलं, खटका फिरवला आणि वात शेगडीला लावली. भक्कन फूल उमललं. कोनाड्यातली काडेपेटी उचलून तिने वर, माळ्यावर टाकली.

"लय उशीर केला, बाई, विस्तव आनाले," ती म्हणाली.

जयवंताबाई पाटावर टेकली. गल्ली ओलांडून आली होती, पण छातीचा भाता शांत होता. तिने एक लांब श्वास घेतला, पोटभर, आणि सोडला.

"काय करू वो," ती म्हणाली, "दम लागत होता."